दहा गुंठे आणि लव्हाळा

अब्बांच्या जमिनीत माझा हिस्सा किती, हे काढायला कागद-पेन्सिल लागलं नाही. दोन भाऊ, एक बहीण. मुलाचे दोन, मुलीचा एक, असे एकूण पाच हिस्से. जमीन सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे. माझे दहा. अम्मी अब्बांच्या आधीच गेली होती, त्यामुळे तिच्या आठव्या हिश्श्याचा प्रश्न आला नाही. हिशेब इतका सोपा होता की त्यावर कुणी वाद घातला नाही. वाद पुढे होता. तो कुणी उघडपणे बोलत नव्हतं.

भाईजान एकदा खोपटला घरी आले, चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "ते हक्कसोडचं एकदा करून टाकू या का? तुला त्या वरकसाचं काय करायचंय? तुझे जे होतील ते पैसे देतो." आवाजात कुठेही दमदाटी नव्हती. आमच्याकडे हे असंच होतं. माझ्या फुफीनेही अशीच सही केली होती. दादा गेल्यावर तिला विचारलं, ती 'हो' म्हणाली, आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात माहेरी आली की आंब्याची एक पेटी आणि एक साडी घेऊन जायची. एकदा मी तिला विचारलं, तुम्ही हिस्सा का घेतला नाही? ती म्हणाली, "जमीन घेतली असती तर आंबे कुणी दिले असते?" हे ती हसत म्हणाली होती. अब्बा शेजारीच बसले होते. ते हसले नाहीत.

मी भाईजानना म्हटलं, मला एकदा जमीन बघू दे.

यात थोडा स्वार्थही होता. 1948 च्या कुळकायद्यापासून महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावरचं नाव एकदा गेलं की खोपटच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारी मी पुन्हा कुठल्या जन्मी शेतकरी होणार? गंमत बघा, खोपट म्हणजे झोपडं. त्या नावाच्या वस्तीत आता टॉवर उभे आहेत, एसटी स्टँडातून रात्रभर गाड्यांच्या हॉर्नचे आवाज येतात, आणि आमच्या मालकीची माती म्हणजे गॅलरीतल्या सात कुंड्या.

जमीन शहापूर तालुक्यात. ठाण्याहून कसारा किंवा आसनगाव लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, मग शेअर जीप, मग वीस मिनिटं चालत. रविवारी मेगाब्लॉक असला की यात एक तास आणखी मिळवायचा. वरच्या अंगाला टेकडी, खाली ओढा. ओढ्याकडची भाताची खाचरं भावांची. त्यांच्या वरचा उताराचा तुकडा वरकस. पूर्वी तिथे नाचणी, वरी व्हायची, पण अब्बांचे गुडघे गेल्यापासून दहा-बारा वर्षं कुणी हातही लावलेला नव्हता. तो माझा. वाटणी घरगुतीच होती, सातबाऱ्यावर तिघांची नावं सामाईक आहेत. खाचरं त्यांना आणि वरकस मला, हे कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. असल्या गोष्टी आपोआपच ठरतात.

2024 च्या रमजान ईदनंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा मालकीणीच्या नात्याने तिथे उभी राहिले. जमीन अशी दिसतच नव्हती. वर घाणेरी आणि रानमोडीचं रान. त्याच्याखाली वाळलेल्या हरळीची गादी. हरळीच्या खाली काय आहे ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

घाणेरीचं मला भय वाटत होतं, पण ती सगळ्यात सोपी निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली आणि तिने अर्धा देश व्यापला. नुसती छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांनी तिच्यावर एक साधा उपाय सांगितला आहे. फांद्यांच्या मागे लागायचं नाही, जमिनीखाली तीन-चार बोटं जाऊन मुख्य मूळ तोडायचं आणि बुंधा उपटून उलटा ठेवायचा. फुटवे येतात ते बुंधा आणि मुळाच्या सांध्यावरून. तो सांधाच वर आला की खेळ संपला. टिकाव घेऊन दोन मजुरांनी आणि मी तीन रविवारांत सगळी काढली. हात ओरबाडले गेले, पण ती परत आली नाही. काँग्रेस गवताची तर मी फिकीरच केली नाही. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत कितीही माजोरडं असलं तरी हंगामी आहे. फुलाआधी उपटलं की त्याचा वंश तिथेच संपतो. वर्षानुवर्षं मातीखाली जगणाऱ्या तणाची गोष्ट वेगळी.

रान निघाल्यावर जमीन दिसली आणि मला घाई झाली. इथे माझी चूक झाली.

शेजारच्या शेतातली एक म्हातारी मावशी बांधावर बसून सगळं बघत असायची. मी पॉवर टिलर सांगितलाय म्हटल्यावर ती म्हणाली, "बाय, मशीन नको घालूस. खाली लव्हाळा हाय. मशीन घातलंस तर त्याचीच पेरणी करशील." मला वाटलं, जुन्या माणसांना मशीनचा रागच असतो. टिलर दोन तास चालला. माती इतकी भुसभुशीत, इतकी सुंदर झाली की मी फोटो काढून भावांच्या ग्रुपवर टाकला. धाकट्याने अंगठा दाखवला. भाईजान काही बोलले नाहीत.

जूनचा पहिला पाऊस पडला. दोन आठवड्यांनी गेले तर दहाच्या दहा गुंठे हिरवेगार. लांबून वाटावं, कुणीतरी लॉन लावलंय.

लव्हाळ्याचं सगळं राजकारण जमिनीखाली चालतं. वर दिसतं ते चकचकीत पातं आणि तीन कडांचा दांडा. बोटांत फिरवून पाहिला की त्रिकोण कळतो आणि गवतापासून तो वेगळा ओळखता येतो. खाली शेंगदाण्याएवढ्या काळपट गाठी असतात, आणि त्या बारीक दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. तसबीहसारखी माळच म्हणा. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या झोपून राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र, आणि जवळपास प्रत्येक गाठ फुटते. टिलरच्या पात्यांनी माझ्यासाठी नेमकं हेच काम केलं होतं. हरळीचंही तेच झालं. तिच्या मुळकांडाचा पेराएवढा तुकडा पुरतो. लीरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. माझ्या दहा गुंठ्यांत सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही पदकविजेते एकत्र नांदत होते.

मावशीला मी तोंड दाखवायलाही लाजत होते. तिने विषयच काढला नाही. एवढंच म्हणाली, "आता पाऊस जाऊ दे."

त्या पावसाळ्यात भाईजानचा फोन आला. तालुक्याच्या बाजारात दुकानदाराकडे तणनाशकाचा कॅन सांगून ठेवलाय, दोन फवाऱ्यांत साफ होईल, म्हणाले. ग्लायफोसेट. गावात सगळे त्याला 'राऊंडअप' म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ते अगदीच चूक होते असं नाही. हे औषध पानांतून खाली गाठींपर्यंत उतरतं, म्हणून लव्हाळ्यावर थोडंफार चालतं; पण ज्या गाठी झोपलेल्या असतात आणि ज्यांना वर पानच नसतं, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला 'माणसाला बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकलं. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर बंधन घातलं: फवारायचं ते कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच. तरी कॅन मिळतो, आणि लोक लुंगी वर खोचून अनवाणी फवारतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र मला आवडतं. नांगरट नाही, चिखलणी नाही, गादीवाफ्यावर भात. पण त्यातही तणनाशक येतंच, तेव्हा या प्रश्नावर भल्या माणसांतही मतभेद आहेत. माझं कारण साधं होतं. माझा तुकडा वर, ओढा खाली, आणि ओढ्याकाठच्या झऱ्यातून पाड्यावरच्या बायका पिण्याचं पाणी भरतात. ज्या तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी देतात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. वरून मीही काही सोडायचं, हे पटलं नाही.

"मग करणार काय तू?" भाईजान म्हणाले. "हाताने उपटणार?"

हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या 'हाताने' शब्दात पुढचं सगळं होतं. बहिणीची हौस आहे, दोन वर्षांत उतरेल, मग सही करेल.

गणपतीच्या आधी मावशी मात्र एक मागणं घेऊन आली. वरच्या कोपऱ्यातली हरळी काढू नकोस, म्हणाली. तिथे ती कोवळी येते, बाप्पाला दूर्वा लागतात. पाड्यावरच्या दोघी-तिघी त्याच्या जुड्या बांधून आसनगाव स्टेशनला विकतात. ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारात मी दरवर्षी ते ढीग बघते, ते कुठून येतात याचा विचार कधी केला नव्हता. म्हणजे ज्या तणाशी मी भांडत होते त्यावर कुणाची तरी चार दिवसांची कमाई अवलंबून होती. तो कोपरा मी सोडला. अर्धा गुंठा असेल. त्याच्या कडेने हातभर खोल चर खणून घेतला, हरळीची मुळं इकडे सरकू नयेत म्हणून. चर दर दोन महिन्यांनी साफ करावा लागतो, नाहीतर ती त्यावरून झेप घेते.

पाऊस गेल्यावर मी नीट मोजणी केली. हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यातली माती वाळूच्या चाळणीतून चाळली. 118 गाठी निघाल्या. दहा गुंठ्यांचा गुणाकार मी केला नाही, झोप उडाली असती. पण त्या खड्ड्याने एक गोष्ट शिकवली. जवळजवळ सगळ्या गाठी वरच्या वीतभर मातीतच होत्या. शत्रू अगणित असला तरी फार खोल नाही.

मग ठरवलं, सगळी जमीन एकदम नाही. दोन गुंठे हाताने, बाकीच्यावर सावली. लव्हाळ्याला उन्हाची चटक आहे, सावलीत तो खुरटतो. पूर्वी शेताच्या बांधावरच्या आंब्याखाली तो का नसायचा याचा उलगडा मला पन्नाशीत झाला.

दोन गुंठ्यांचं काम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चाललं. पद्धत अशी: एक हात रुंदीची पट्टी, कुदळीने वीतभर खणायची, ढेकळं हाताने फोडायची, चाळणीवर मारायची. कुदळ गाठ सहसा कापत नाही, उचलते. फावडं मात्र कापतं, म्हणून फावडं फक्त चाळलेली माती ओढायला. एका रविवारी मी आणि एक मजूरबाई मिळून जेमतेम एखादी पट्टी व्हायची. पाठ मोडायची. लोकलमध्ये सीट मिळाली की मी ठाण्यापर्यंत झोपायचे, एकदा तर दादरला जाऊन जागी झाले. नखांतली माती सोमवारी ऑफिसात लपवावी लागायची. पाणी मिळाल्यावर ज्या गाठी सुटल्या असतील त्या फुटतात. त्यांना पाच-सहा पानं यायच्या आत उपटायचं. म्हणजे गाठ तिचा साठा कोंबावर खर्च करते आणि नवी गाठ करायला तिला वेळ मिळत नाही. दोन-तीन आठवड्यांचं अंतर चुकलं की मागचं सगळं वाया. माझं ते दोनदा चुकलं. एकदा मुलीची परीक्षा होती, एकदा रमजानचे शेवटचे दहा दिवस.

निघालेल्या गाठींचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न. खतखड्ड्यात टाकल्या तर खताबरोबर सगळीकडे जातात. उन्हात वाळवल्या की मरतात म्हणतात, पण किती दिवस? मी काही गाठी चार दिवस आणि काही बारा दिवस वाळवून खोपटला आणल्या आणि गॅलरीतल्या दोन कुंड्यांत वेगवेगळ्या लावल्या. चार दिवसांच्या बहुतेक फुटल्या. बारा दिवसांच्यातली एकही नाही. नवरा म्हणाला, लोक गॅलरीत तुळस लावतात, मोगरा लावतात, माझी बायको लव्हाळा लावते आणि तो मेला की खूश होते.

काही गाठी फुफीने मागून घेतल्या. हाच आपला मोथा. धुऊन वाळवून कुटला की मंद सुगंध येतो, उटण्यात आणि अगरबत्तीत पडतो. युनानी हकीम त्याला 'साद कूफी' म्हणतात, कूफा शहराच्या नावावरून. फुफी ऐंशीच्या पुढे आहे. पिशवी नाकाला लावून म्हणाली, "हा वरच्या वरकसातला का? अजून तोच वास आहे." तिला तो तुकडा आठवत होता. नाचणीच्या राखणीला ती तिथे बसायची.

2025 चा उन्हाळा मी सगळ्या हिशेबाने धरला होता. एप्रिलभर कातळावर गाठी पसरून ठेवल्या होत्या. मेअखेर त्या भाईजानच्या खाचरातल्या राबात टाकून जाळायच्या. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पाला, पेंढा पसरून पेटवतात, त्याने वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं. पण त्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावरच पाऊस कोसळायला लागला, आणि 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही. राब तसाच भिजला. कातळावरच्या जुन्या गाठी मेल्या होत्या, पण शेवटच्या आठवड्यातल्या दोन घमेली अर्ध्याकच्च्या होत्या. पुढच्या रविवारी गेले तेव्हा कातळ धुऊन स्वच्छ. मला बरंच वाटलं, खरं सांगते. पाणी कुठल्या दिशेने गेलं असेल याचा विचार मी केला नाही.

उरलेल्या जागेत ताग दाट फेकला. जुलैअखेर तो कमरेच्या वर गेला, खाली हात घातला तर अंधार आणि लव्हाळ्याची पिवळट, लुळी पाती. फुलावर आल्यावर कापून जागीच पाडला. दोन गुंठ्यांत रताळ्याचे वेल आणि कडेला सुरण. रताळ्याच्या पानांनी जमीन झाकेपर्यंत चार खुरपण्या झाल्या, मग नाही लागल्या. लव्हाळा संपला का? नाही. आजही खड्डा खणला तर गाठी आहेत. सप्टेंबरमध्ये मी त्याच मापाचा खड्डा पुन्हा चाळला, हाताने खणलेल्या भागात 9 निघाल्या आणि तागाखालच्या भागात 71. 71 म्हणजे काही विजय नाही, पण आकडा खाली आला.

याच काळात दलालांचे फोन वाढले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जूनला सुरू झाला. तो आमच्याच तालुक्यातून जातो, आणि वरकसालाही भाव आला. धाकट्याचं मन हललं होतं. भाईजान मला काही बोलले नाहीत, पण हक्कसोडच्या मसुद्याची एक प्रत भाभीने फायलीत घालून पाठवली, "वाचून ठेव, घाई नाही" म्हणून. मी वाचली. माझ्या नावापुढे 'स्वखुशीने' असा शब्द होता. फाईल मी कपाटात ठेवली, सही केली नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. हे धैर्य नव्हे हे मला कळतं. नाही म्हणायला मला फुफीएवढीच भीती वाटत होती.

मग ऑक्टोबरच्या शेवटी भात कापल्यावर भाईजानचा फोन आला. खाचरात ओलीवर वाल पेरायचा होता. पावसात पाणी साचलेलं असताना काही दिसलं नव्हतं, पण आता वरच्या बांधाजवळ, माझ्या कातळाच्या थेट खाली, दोन-तीन वाफे लव्हाळ्याने भरलेले. अब्बांच्या काळात खाचरात तो कधी नव्हता.

"तुझा लव्हाळा माझ्या खाचरात आलाय," ते म्हणाले.

मी कातळावरच्या दोन घमेल्यांची गोष्ट सांगितली. चूक माझी होती, लपवण्यासारखं काही नव्हतं. फोनवर थोडा वेळ शांतता. मला वाटलं, आता फायलीचा विषय निघणार.

"टिलर फिरवू का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "मशीन अजिबात घालू नका. वाल त्या वाफ्यांत यंदा पेरू नका. मी रविवारी येते."

"कुदळ की फावडं?"

"कुदळ. फावडं गाठ कापतं."

चाळण तिथेच मावशीच्या झापाखाली ठेवलेली आहे, ती न्यायचा प्रश्न नाही. कुदळी दोनच आहेत. धाकटा येताना तिसरी घेऊन येतो म्हणालाय. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते तेवढं बघायचं राहिलंय.